न वाढवणारा ट्रान्झिस्टर

दादाला एका जागी बसवत नाही. रेडिओ दुरुस्तीत तीस वर्षं गेली, पण दुकानातलं स्टूल कधी गरम झालं नाही. समोरचा बोलू लागला की त्याचं वाक्य हाच पूर्ण करतो, तेही बहुतेक वेळा चुकीचं.

मी त्याची धाकटी बहीण, शाळेत भूगोल शिकवते. घशाच्या ऑपरेशननंतर माझा आवाज कुजबुजीएवढाच उरला. मुख्याध्यापकांनी सांगितलं, सोमवारी शेवटच्या बाकावर बसून ऐकतो. ऐकू आलं तर वर्ग तुमचा, नाहीतर ऑफिसात बसा. मी थेट दादाचं दुकान गाठलं.

दादानं एका डब्यात आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायर जोडला. टेपरेकॉर्डर लावून पाहिला, तर खिडकीची काच थरथरली. स्वारी खूश. मग जुना क्रिस्टल माइक लावून मी बोलले, तर डब्यातून डास गुणगुणला.

"वाढवतो," म्हणत त्यानं आणखी एक ट्रान्झिस्टर चढवला. खरखर तेवढी वाढली. रविवारची दुपार उलटली. हा येरझाऱ्या घालतोय, पाना शोधतोय, हातातच असलेला.

"दादा, टेपमध्ये..."

"टेपमध्ये काही बिघाड नाही, माहितीये मला."

शेवटी मी चिडून कागदावर लिहिलं: टेपमध्ये जोर आहे, माइकमध्ये नाही. तुझा डबा त्याच्याकडून किती ओढतो? कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून त्यानं पूर्ण वाचलं. आणि बसला.

"इनपुट इंपीडन्स," तो पुटपुटला. "माइक व्होल्टेज देतो, पण त्याच्यात करंट द्यायची ताकद नाही. पहिला ट्रान्झिस्टर बेसमधून, म्हणजे त्याच्या तोंडातून, करंट ओढतो, की माइकचं व्होल्टेज दारातच बसतं. किती वाढवलं तरी काय उपयोग? वाढवायला उरतंच काय?"

मग त्यानं माइकला लागूनच, सगळ्यांच्या आधी, एक ट्रान्झिस्टर लावला, एमिटर नावाच्या पायावरून आउटपुट देणारा. तो आवाज कणभरही वाढवत नाही. माइककडून नाममात्र घेतो आणि पुढच्याला हवं तेवढं देतो. काहीच न वाढवणारी वस्तू जोडताना दादाच्या जिवावर आलं होतं.

सोमवारी तो वर्गाच्या दारात उभा, एका पायावरून दुसऱ्या पायावर. मुख्याध्यापक शेवटच्या बाकावर. मी माइक तोंडाशी धरला.

"पृथ्वी स्वतःभोवती..." मी थांबले. श्वास पुरत नव्हता. दादाचे ओठ हलले. मग त्यानं स्वतःच्याच तोंडावर हात घट्ट दाबला आणि तसाच उभा राहिला.

"...फिरते, म्हणून दिवस आणि रात्र होतात."

मागून मुख्याध्यापक कानांवर हात ठेवून म्हणाले, "बाई, जरा हळू बोला."