वॉल्टरची पाचवी चौकट

वॉल्टर गोष्ट सांगायला उभे राहिले की आधी बूट काढायचे. मग मोज्यांवर आमच्या ऑफिसभर फिरत, टेबलाआड दडत, खुर्चीवर चढत चित्रकथेची एकेक चौकट करून दाखवायचे. "पात्र कुठं उभं आहे हे लेखकाच्या तळव्यांना कळायला हवं, वंदना," म्हणायचे. साठीला टेकलेला, सहा फुटी अमेरिकन माणूस खुर्चीवर उभा राहून घाबरल्याचा अभिनय करतोय, हे पाहून पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. तेही माझ्याबरोबर हसले आणि पुन्हा घाबरून दाखवलं.

नव्वदीच्या दशकात मी दुबईच्या अल मनखूलमधल्या एका छोट्या जाहिरात कंपनीत चित्रकार होते. वॉल्टरची बायको हेलन दुबईत शाळेत शिकवायला आली, म्हणून तेही आले. त्याआधी पंचवीस वर्षं ते न्यूयॉर्कमध्ये कॉमिक्स लिहीत. उडणारे, भिंती फोडणारे नायक. एका नायकाला त्यांनी गोष्टीत मरू दिलं होतं. संपादकांनी शेवट बदलायला लावला, कारण त्या नायकाची खेळणी बाजारात यायची होती. "मी बदलला," ते म्हणाले. "आणि नंतर कितीतरी दिवस टाइपरायटरकडं बघवेना."

एकदा सावंतसाहेबांच्या काँट्रॅक्टिंग कंपनीचं काम आलं. मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या त्यांच्या साइटवर एक कामगार परांचीवरून पडला होता. जीव वाचला, पण कंबर मोडली. सेफ्टी बेल्ट लावा, हे कामगारांना सांगणारी चित्रपुस्तिका हवी होती. त्यांच्या मॅनेजरनी पाच भाषांतली नियमावली पाठवली. वॉल्टर ती बाजूला ठेवून म्हणाले, "आधी माणसं भेटूया."

शुक्रवारी आम्ही लेबर कॅम्पवर गेलो. तिथं दापोलीकडचा इब्राहिम भेटला. परांची बांधणारा. त्यानं आमचं पहिलं चित्र पाहिलं आणि तोंडावर हात धरून हसला. "ताई, साहेबांना सांगा, पट्टा असा बांधला तर हात वर जायचाच नाही. हा माणूस काम कसा करणार?" मी इंग्रजीत सांगितलं. वॉल्टर लगेच उभे राहिले. इब्राहिमनं त्यांना स्वतःचा पट्टा बांधून दाखवला.

मग वॉल्टरनी माझ्यामार्फत विचारलं, तो कामगार पडला त्या दिवशी काय झालं? इब्राहिम पट्टा सोडवत म्हणाला, "पट्टा खालीच राहिला होता, ताई. तो आणायला उतरत होता. पण फोरमन खालून घाई करत ओरडत होता, यल्ला, यल्ला. मग तसाच चढला."

दुसऱ्या दिवशी वॉल्टरनी स्वतःचं सगळं लिखाण खोडलं. आठ चौकटी, आणि सगळ्या मिळून एकच शब्द. पाचव्या चौकटीत फोरमन हात उडवत ओरडतोय, 'यल्ला!' "एवढा शब्द सगळ्यांना कळतो," ते म्हणाले. "बाकी तू काढ. चित्र बोलत असेल तर लेखकानं गप्प बसावं."

मॅनेजरचा फोन आला. "मॅडम, पुस्तिका लेबरसाठी आहे. फोरमनचा पॅनल काढा, खलास." आमच्या बॉसनीही मान डोलावली. नवऱ्याची नोकरी नुकतीच गेली होती. घर माझ्या पगारावर चाललं होतं. मी वॉल्टरना म्हटलं, "काढूया ना. बाकीच्या सात तर राहतात."

ते रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी शांतपणे कागद गुंडाळला. "तुझ्यावर येऊ देणार नाही. हट्ट माझा आहे, हे मीच जाऊन सांगतो. पण ही चौकट काढली तर पडायची चूक पडणाऱ्याची ठरते."

ते एकटे जाताना मला बघवेना. मी पण गेले. सावंतसाहेबांनी चष्मा चढवून पान पाहिलं. पाचव्या चौकटीवर बोट ठेवलं. मग मराठीत मला म्हणाले, "मी फोरमन होतो तेव्हा असाच ओरडायचो." मॅनेजर काहीतरी बोलायला गेले. साहेबांनी हातानंच थांबवलं. "राहू दे. आणि आधी फोरमन लोकांना वाटा."

खाली आल्यावर मी वॉल्टरना ते वाक्य इंग्रजीत सांगितलं. भर उन्हात ते तिथंच उभे राहिले. "हा शेवट मी बदलला नाही," एवढंच म्हणाले. डोळे पुसायला त्यांनी घामाचं निमित्त केलं.

हेलनचं काँट्रॅक्ट संपलं आणि दोघं अमेरिकेला परतले. काही वर्षांनी तिचा ईमेल आला. वॉल्टर गेले होते. सोबत तिथल्या वर्तमानपत्रातला मृत्युलेख होता. त्यात त्यांच्या तीन नायकांची नावं होती. मुसफ्फाचा उल्लेख नव्हता.

इब्राहिम तोवर कायमचा गावी परतला होता. मी दापोलीला फोन लावला आणि बातमी सांगितली. ते किती मोठे लेखक होते, त्यांच्यावर पेपरात काय छापून आलंय, तेही सांगू लागले. त्यानं मला मध्येच थांबवलं.

"ताई, शेवटी त्यांच्याजवळ कोण होतं?"

"बायको होती. हात धरून बसली होती."

"मग बरं झालं," तो म्हणाला, आणि फोन खाली न ठेवताच त्यांच्यासाठी दुआ म्हणू लागला.