बिननावाच्या तबकड्या

माझा भाऊ क्लिओफस टार्व्हर वारला तेव्हा डेट्रॉइटच्या आमच्या घराच्या तळघरात गाण्यांच्या साडेचार हजार तबकड्या होत्या आणि एकीवरही नाव नव्हतं. नावं त्यानंच काढली होती. सिंकमध्ये कोमट पाणी घ्यायचं, तबकडीचा मधला भाग भिजवायचा आणि लेबल नखानं सोलायचं. त्या लगद्यानं सिंक तुंबलं की आई त्याच्या नावानं शंख करायची आणि निस्तरायला मला बोलवायची.

क्लिओ डीजे होता. आमच्या शहरातले चांगले डीजे सगळेच थोडेफार असं करत. क्लबात दुसरे डीजे हातात ग्लास घेऊन टेबलाजवळ यायचे, मान डोलवायचे आणि डोलवता डोलवता लेबल वाचून घ्यायचे. पुढच्या शनिवारी तेच गाणं त्यांच्या क्लबात. म्हणून कुणी लेबलवर कागद चिकटवायचं, कुणी रंग फासायचं. क्लिओचं कशातच थोडक्यात भागत नसे. त्यानं सगळीच सोलली. स्वतः मात्र बोट फिरवून ओळखायचा.

चोरण्यासारखं त्याच्यापाशी होतंही. आठवडाभर तो कारखान्यात गाड्यांचे आस घासायचा आणि रविवारी दुपारी तीन ते आठ सफायर रूम नावाच्या क्लबात वाजवायचा. पलीकडच्या हॅमट्रॅमॅक वस्तीतल्या पोलिश लग्नांचं अकॉर्डियन, खाली यंत्राचा ढोल, वर एखाद्या पाद्र्याचं प्रवचन. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी मैत्रीण म्हणाली, "क्लिओ, हे लग्न आहे की मयत?" तो म्हणाला, "नाचून बघ, मग सांग." तिनं तासाभरानं बूट काढून हातात घेतले होते.

शेवटचं गाणं मात्र ठरलेलं. आईनं १९५७ मध्ये एका दुकानाच्या मागच्या खोलीत एक भजन गाऊन मऊ लाखेच्या तबकडीवर उतरवून घेतलं होतं. प्रत एकच. आठला दहा कमी असताना क्लिओ ढोल हळू करायचा आणि त्यावर आईचा आवाज सोडायचा. आई तेव्हा घरी गरम पाण्यात पाय सोडून बसलेली असे. घड्याळाकडे बघून म्हणायची, "आता मी गातेय तिकडे."

लाखेची तबकडी झिजते. सुई फिरली की दर वेळी थोडा आवाज खरवडून जातो. मी शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी उपसणारी बाई, मला कळत होतं ते त्याला कळत नव्हतं असं नाही. मी म्हणायचे, टेप करून ठेव. एकदा तो वैतागून म्हणाला, "टेप केली की ती फुटणार आणि आठवड्यात आई गल्लोगल्ली वाजणार. मला नाही चालायचं, टीना." पुढे मी त्याच्यासमोर डोकं आपटणं सोडलं. आई गेली त्या वर्षी तबकडीवरचा तिचा आवाज पार विरळ झाला होता. क्लिओनं ती तबकडी वाजवणं थांबवलं, तिचंही लेबल खरवडलं आणि इतरांत लपवली.

मग त्याला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समजत सगळं होतं. पुढच्या खोलीत त्याचा पलंग टाकला होता. तिथून तो डाव्या हातानं आईच्या फोटोकडे बोट करायचा, मग स्वतःच्या कानाकडे. मरायच्या आधी त्याला आई ऐकायची होती. मलाही ऐकायची होती. रोज कामावरून आले की मी तळघरातून दहा-दहा तबकड्या वर आणायचे आणि एकेक त्याच्या बोटांखाली धरायचे. तो नकाराची मान हलवायचा, की मी त्या खाली नेऊन पुढच्या दहा आणायचे. तीन महिने हेच.

त्याच दिवसांत दारावर गिधाडं यायला लागली होती. जुन्या तबकड्यांचे व्यापारी रताळ्याचं गोड पक्वान्न घेऊन यायचे, तब्येत विचारायचे आणि डोळे तळघराच्या दाराकडे. मी विटले होते. अशात एका दुपारी ऑर्व्हिल स्टोक्स उभा राहिला. लेबलं वाचणाऱ्यांतला हा म्होरक्या. क्लिओनं एकदा भर क्लबात त्याची कॉलर धरली होती. आता म्हातारा, हातात हॅट.

"ताई, क्लिओला दोन मिनिटं भेटू दे. त्याच्यासाठी एक वस्तू आणलीय."

"जन्मभर वाकून वाकून वाचलंस," मी म्हटलं, "आता तळघर बघून घ्यायचंय?"

"तसं नाही गं, ताई."

मी दार लावलं. पडद्याआडून बघितलं, तो कोटाच्या खिशात हात घालून बराच वेळ पायरीवर उभा होता. मी क्लिओला सांगितलं, कसा पळवला त्याला. क्लिओ अर्ध्या तोंडानं हसला. मला मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं.

तबकडी त्याच महिन्यात एका मंगळवारी सापडली. बोट लागताच त्यानं ती ओढून गालाशी धरली. मी ती लावली. नुसती खरखर. मध्ये कुठेतरी श्वास घेतल्यासारखं वाटलं, तेही कदाचित मला वाटलं म्हणून. तो शेवटपर्यंत कान देऊन होता. मी म्हटलं, "ऐकू आली बघ." त्यानं मान हलवली, नाही. त्यानंतर आठव्या दिवशी तो गेला.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती. ऑर्व्हिल आला. कोंबडी घेतली नाही, भाजी घेतली नाही. माझ्यासमोर बसून त्यानं एक कॅसेट टेबलावर ठेवली. म्हणाला, शहाऐंशी सालची आहे. क्लिओ वाजवत असताना कोटात टेपरेकॉर्डर लपवून नेला होता. चोरी होती, म्हणून इतकी वर्षं तोंड दाखवायची लाज वाटली.

"त्या दिवशी खिशात हीच होती?" मी विचारलं.

त्यानं होकाराची मान हलवली आणि हॅट उचलून निघाला.

घरी येऊन मी ती लावली. लोकांचा गलका, अकॉर्डियन, ढोल, मग आई. भरदार आवाजाची, चाळिशीच्या आतली माझी आई. आणि तिच्यावर, माईकमधून, झटक्यानं नेलेला माझ्या भावाचा आवाज: "जरा गप्प बसा रे. माझी आई गातेय."

मी टेबलाला धरून रडले. त्या कॅसेटच्या मी आता बारा प्रती केल्यात, मागेल त्याला देते, आणि प्रत्येकीवर ठळक अक्षरांत आईचं नाव लिहिते. कुणी आभार मानले की मला ते घेववत नाहीत. ऑर्व्हिल दाराशी आला होता, आणि दारापासून क्लिओचा पलंग दहा पावलांवर होता.