एका माणसाचा टीव्ही

आमचा टीव्ही एकदम मेला नाही. आधी पडद्याच्या डाव्या बाजूला एक उभी रेघ आली, मग दुसरी, आणि तमिळांचा आडी महिना, म्हणजे साधारण आपला आषाढ, लागेपर्यंत डावा अर्धा पडदा काळा पडला. उजव्या अर्ध्यात सासू ओरडायची आणि सून काळोखातून उत्तर द्यायची. मी तसाच दोन आठवडे पाहिला. पाहिला म्हणजे लावून ठेवला. सगळा जन्म भूमिती शिकवण्यात घालवलेल्या माणसाला तमिळ मालिकेतल्या सुनेचं पुढे काय झालं याच्याशी देणंघेणं नसतं. पण घरात माणसाचा आवाज तर हवा!

बायकोला जाऊन दीड वर्ष झालं. तमिळ मुलखातल्या मेलकावेरीतलं हे घर दोन खोल्यांचं आहे, तरी आता मोठं वाटतं.

आमच्या घरात मराठी बोलतात. उंबऱ्याबाहेर तमिळ आणि उंबऱ्याच्या आत मराठी, हा आमच्या लोकांचा पिढ्यान् पिढ्यांचा शिरस्ता. आमची मराठी ऐकून महाराष्ट्रातला पाहुणा आधी चकित होतो आणि मग तोंड फिरवून हसतो, कारण त्याच्याकडे पणजोबांबरोबर गेलेले शब्द आम्ही अजून वापरतो. असो. ‘बोलतात’ असं मी सवयीनं लिहून गेलो. ‘बोलत होतो’ असं म्हणायला हवं. भाषेला निदान दोन माणसं लागतात. मुलगा कॅनडात आहे. तो फोनवर मराठीत सुरुवात करतो, दुसऱ्या वाक्याला इंग्रजीत घसरतो आणि नातवंडं तर तिथेच जन्मली. त्यामुळे दीड वर्ष मी माझ्याच घरात जवळजवळ मुका आहे.

अर्ध्या टीव्हीची गोष्ट मुलाला कळली ती माझ्याच तोंडून. गंमत म्हणून सांगायला गेलो आणि फसलो.

“अप्पा, मोठा घ्या,” तो म्हणाला. “पंचावन्न इंची, चांगल्यातला चांगला. पैसे मी पाठवतो. वर कॅमेरा बसवता येतो. मग आम्ही तुम्हाला भिंतीएवढे दिसू.”

भिंतीएवढा नातू पाहून करायचं काय, जवळ घेता थोडाच येतो, हे मी मनातच ठेवलं. माझ्या डोळ्यांपुढे बत्तीस इंची, कुठल्याशा नवख्या कंपनीचा, स्वस्तातला टीव्ही होता. आवाज आला की झालं. तरी बघून येतो म्हटलं.

मोठ्या रस्त्यावरच्या ज्या दुकानात मी गेलो, तिथूनच आमचा ग्राइंडर आला, फ्रिज आला, दोन मिक्सर आले आणि हा अर्धा मेलेला टीव्हीही आला. पूर्वी गल्ल्यावर म्हातारे मालक असायचे. आता त्यांचा हार घातलेला फोटो असतो आणि खाली त्यांचा मुलगा बसतो. तोही आता पन्नाशीचा असेल, चष्मा कपाळावर. आडीतली सूट म्हणून आतबाहेर कागदी पताका लावल्या होत्या.

या दुकानात, आणि खरं म्हणजे गावातल्या प्रत्येक दुकानात, खरेदी करण्याची आमची एक रीत होती. दुकानदाराशी तमिळ, एकमेकांशी मराठी. मी मख्ख चेहऱ्यानं वस्तू उलटीसुलटी करायची. तिनं हसतमुखानं, संध्याकाळी भाजी काय करायची असं विचारल्याच्या सुरात म्हणायचं, “दर चढवून सांगतो हा. उठा, दुसरीकडें पाहूं.” ‘उठा’ म्हटलं की मी उठायचो. आम्ही पायऱ्या उतरायच्या आत मागून हाक यायची आणि किंमत खाली यायची. परत येताना ती अशी ऐटीत चालायची की जणू किल्ला जिंकून आली आहे. “आपली भाषा कुणास समजते इथें?” हे तिचं ठरलेलं वाक्य. आयुष्यात मी एकही वस्तू स्वतः ठरवून घेतलेली नाही. मी फक्त उठायचो किंवा बसून राहायचो.

“या रायर,” दुकानदार म्हणाला. आमच्या लोकांना इथे रायर म्हणतात. “अम्मा नाही आल्या?”

“नाही,” मी म्हटलं. खोटं काहीच नव्हतं त्यात.

त्यानं भिंतीवरचे दोन टीव्ही लावले. एक पंचावन्न इंची, उंची माल, आणि शेजारी माझा बत्तीस इंची. दोन्हींवर एकच देऊळ, एकच पोपट, एकच समुद्र. मोठ्याचा काळा रंग कसा खरोखरचा काळा आहे ते त्यानं दाखवलं. मी म्हटलं, काळा पडदा माझ्या घरी आहेच, निम्मा. तो हसला. पण समोरून मला दोघांत फारसा फरक दिसेना आणि तसं मी सांगितलं.

“समोरून नाहीच दिसणार,” तो म्हणाला. “इकडे या.”

त्यानं मला हाताला धरून बाजूला, फ्रिजच्या रांगेपाशी नेलं. तिथून मोठ्यावरचा पोपट तसाच हिरवागार होता. छोट्यावरचा मात्र राखेत लोळून आल्यासारखा दिसत होता. देवळाचा कळस पांढुरका, समुद्र ताकासारखा.

“स्वस्तातला पडदा आहे, अगदी समोर बसणाऱ्यालाच धड दिसतो,” तो म्हणाला. “एकटा माणूस असेल तर हा घ्या, उगीच जास्त का द्यायचे? पण घरात दोन-चार माणसं इकडेतिकडे बसत असतील तर मोठाच. घरी तुम्ही दोघं ना?”

“हो, दोघं,” मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं ते. आणि एकदा निघाल्यावर माझ्या डोळ्यांपुढे घरातली बैठक आली. माझी खुर्ची टीव्हीच्या बरोबर समोर. तिची वेताची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी, कुकरच्या शिट्ट्या मोजता याव्यात म्हणून, म्हणजे पडद्यापासून चांगल्या साठ अंशांवर. मांडीवर सूप, सुपात शेवग्याचा पाला. ती तिथून मालिका पाहायची आणि त्यातल्या प्रत्येक बाईला मराठीत फैलावर घ्यायची. मी टीव्ही कधी पाहिलाच नाही. मी तिला ऐकायचो.

छोटा घ्यायचा म्हणजे बाजूला कुणी बसत नाही हे कबूल करायचं. मोठा घ्यायचा म्हणजे रिकाम्या खुर्चीसाठी मुलाचे पैसे घालवायचे. आणि हे ठरवायचं कुणी? मी. ज्यानं साधा मिक्सर कधी ठरवला नाही, त्यानं.

मी डावीकडे मान वळवली. ती नेहमी डावीकडे उभी असायची. आणि मी चांगल्या मोठ्या आवाजात म्हणालो, “काय ग, तुला तिथनं बरें दिसेल कां हें? कीं ल्हानच पुरे?”

डावीकडे कपडे धुण्याचं यंत्र होतं. त्याचं झाकण उघडं होतं.

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं. मग रिमोटनं दोन्ही टीव्हींचे आवाज बंद केले.

“कधी?” त्यानं हळूच विचारलं.

“दीड वर्ष झालं.”

त्यानं एक स्टूल ओढून मला बसवलं. पाणी आणून दिलं. मी पाणी पीत होतो आणि शरमेनं माझे कान तापले होते. तो थोडा वेळ फोटोतल्या वडिलांकडे बघत उभा राहिला. मग माझ्याकडे वळून, एकेक अक्षर तमिळ वळणानं जड करत म्हणाला:

“उट्टा. दुसरीकडं पाऊं.”

पेला माझ्या हातातच राहिला.

“अम्मा असत्या तर आता हे म्हणाल्या असत्या,” तो पुन्हा तमिळमध्ये बोलू लागला. “आमच्या अप्पांनी मला गल्ल्यावर बसवलं तेव्हा पहिल्यांदा हेच शिकवलं. रायर मंडळी आली की पहिली किंमत चढवून सांगायची. बाई ‘उठा’ म्हणेपर्यंत उतरवायची नाही. म्हणाल्या की पायरीपर्यंत जाऊ द्यायचं आणि मग हाक मारायची. त्यांनाही बरं वाटतं आणि आपलंही काही जात नाही. रागावू नका. तुम्ही यायचा त्या दिवशी अप्पा खुशीत असायचे.”

म्हणजे इतकी वर्षं आम्ही किल्ले जिंकत होतो ते सगळे आधीच उघडून ठेवलेले! मला हसू आलं. चांगलं पोट धरून हसलो. आणि हसता हसताच मनात आलं, घरी गेल्यावर हिला सांगायला हवं. आधी भडकेल, त्या म्हाताऱ्याच्या सात पिढ्या उद्धरेल, मग पदर तोंडाला लावून हसत सुटेल, आणि पुढच्या खरेदीला नवा शब्द शोधून काढेल. सगळ्या जगात ही गोष्ट सांगण्यासारखं एकच माणूस होतं. मग मला रडू आलं. भर दुकानात, पताकांखाली, सत्तरीतला मास्तर मी रडलो, आणि त्या भल्या माणसानं तेवढा वेळ फ्रिजची दारं उगीच उघडबंद केली.

दीड वर्षात माझ्याशी समोरासमोर कुणी मराठीत बोललं होतं ते हे असं. तीन शब्द, तेही तिचेच.

“मोठ्याची किंमत उतरवतो,” तो म्हणाला. “हाक मारायला लावू नका.”

“ल्हान द्या,” मी म्हणालो. दुकानात मी घरचा शब्द वापरला हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्याला तोही कळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्ही बसवणारा माणूस चोळपुरमहून स्कूटरवर आला. चांगला पोक्त बापई माणूस, मिशा पिकलेल्या. त्यानं जुना उतरवला, भिंतीत नवं फिरतं ब्रॅकेट ठोकलं आणि विचारलं, “सर, बसता कुठे? हा सरळ समोरूनच नीट दिसतो. त्या बाजूला वळवून देतो.”

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे, वेताच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

“तिथे?” त्यानं टीव्हीसमोरच्या माझ्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्यावर माझा पंचा होता, चष्म्याची डबी होती.

“तिथेच,” मी म्हटलं. साठ अंश, हेही सांगितलं. तो बिचारा वाद न घालता पडदा वळवून गेला.

संध्याकाळी मालिका लागली. माझ्या जागेवरून सून आणि सासू दोघी राख फासल्यासारख्या दिसत होत्या, दागिनेसुद्धा पांढरे. मी उठून एकदा वेताच्या खुर्चीमागे उभा राहून पाहून आलो. तिथून साड्यांचे काठ मोजता येत होते. परत येऊन मी माझ्या खुर्चीत बसलो.

थोड्या वेळानं मुलाचा फोन आला. छोटा घेतला म्हणून तो जरा खट्टू झाला. मग म्हणाला, “बरं, पण चित्र कसं आहे अप्पा?”

“आईच्या जागेवरनं फार बरें दिसतें,” मी सांगितलं.

“आणि तुमच्या जागेवरनं?”

“मला ऐकूं येतें,” मी म्हटलं. “पुरे.”