एक जूनच्या शुभेच्छा

वडिलांचा खरा जन्मदिवस कुणालाच ठाऊक नव्हता. नाचणी कापणीला आली होती, एवढंच आजी सांगायची. शाळेत नाव घालताना मास्तरांनी, त्या काळी सगळ्यांना लावत तशी, एक जून ही तारीख लावून दिली. घरात ती कधी कुणी पाळली नाही. ते गेल्यानंतरच्या पहिल्या एक जूनला मात्र सकाळीच त्यांचा मोबाइल वाजला. सिमकार्डाच्या कंपनीने त्यांचं पूर्ण नाव घालून इंग्रजीत वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या.

तो मोबाइल मी शहापूरच्या घरी चार्ज करून ठेवत असे. का, ते मला सांगता येत नाही. कर्ज हवं का, विमा हवा का, असे फोन त्यावर यायचे. ते वारले म्हटलं की पलीकडची मुलगी सॉरी म्हणायची आणि आठवड्याभराने दुसऱ्याच मुलीचा फोन यायचा.

दोन दिवसांनी डोळखांबकडच्या एका पाड्यावरची बाई दारात उभी राहिली. वडिलांनी तिथल्या शाळेत पुष्कळ वर्षं शिकवलं होतं. तिने फडक्यात गुंडाळलेला मोबाइल काढून माझ्या हातात दिला. तोच मेसेज, तेच नाव. अंगणवाडीच्या बाईंनी तो तिला वाचून दाखवला होता.

"बाय, गुरुजींचा काय निरोप हाय का ह्यात?" तिने विचारलं. पाड्यावरच्या आणखी दोघांनाही तो आला होता म्हणे.

हे कंपनीचं यंत्र आपोआप पाठवतं, असं मी तिला समजावलं. तिने मोबाइल माझ्या हातून परत घेतला.

"मग त्याला गुरुजी गेल्याचं कुणी सांगलं नाय?"

मोबाइल परत फडक्यात गुंडाळताना तिने लेकीचं सांगितलं. लेक आणि जावई भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले होते. पाऊस तोंडावर आला, बाकीचे सगळे परतले, या दोघांचा पत्ता नव्हता. लेकीला हा एकच नंबर पाठ होता.

ती गेल्यावर मला राग आला. मोबाइलच्या दुकानदाराने वडिलांच्या रेशनकार्डाच्या झेरॉक्सवर पाड्यावर परस्पर सिमकार्डं खपवली, अशी माझी खात्री झाली. मृत्यूचा दाखला घेऊन मी बाजारातल्या त्याच्या दुकानात गेले. वडिलांच्या नावावरचं सगळं बंद करा, म्हटलं.

त्याने खण ओढला. आत अर्ध्या तालुक्याची कागदपत्रं होती. रबर लावलेले गठ्ठे आणि प्रत्येक कागदावर कुणाचा तरी चेहरा. माणसं आपला फोटो आणि सही किती सहज इथे ठेवून गेली होती. त्यातून त्याने वडिलांचे चार फॉर्म काढले. चारही फॉर्मवर एकच फोटो होता, आणि खाली सही. ती नक्कल नव्हती. शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढताना त्यांचा हात जरा थांबायचा. ते थांबणं चारही ठिकाणी होतं.

"ताई, मी काय चोरी नाय केली," दुकानदार म्हणाला. "पाड्यावरच्यांकडं कागद नसायचे. गुरुजी स्वतः घेऊन यायचे एकेकाला, त्या स्टुलावर बसायचे. फोटो कमी पडला तर मलाच झापायचे, जपून वापरत जा म्हणून."

नियमात हे बसत नाही, हे त्यांना कळत नसेल असं नाही. हजेरीपटावर साधी खाडाखोड झाली तरी तिथे सही करणारा माणूस. घरी ते यातलं अक्षरही बोलले नव्हते. मी त्या चार कागदांकडे बघत राहिले. ज्याला जन्मतारीखही उसनी मिळाली होती, त्याचं नाव एका सकाळी डोंगरातल्या तीन घरांत वाजलं होतं.

दाखला दिला तर चारही नंबर जातील, दुकानदार म्हणाला, एकाच नावावर आहेत. त्याने हात पुढे केला. मी दाखला परत पिशवीत घातला.

पाचव्या दिवशी वडिलांचा मोबाइल वाजला.

"आली गो बाय, पोर आली."

मुकादमाच्या ट्रकने दोघांना मुरबाडला उतरवून दिलं होतं. हातात पैसे नाहीत, शेवटची गाडी गेलेली. लेकीने स्टँडवरच्या एक रुपयाच्या फोनवरून आईला फोन लावला आणि पाड्यावरचा एक जण मोटारसायकलने जाऊन दोघांना घेऊन आला.

दाखला अजून माझ्या कपाटात आहे. कंपनीला वडील गेल्याचं मी सांगितलेलं नाही.