समुद्राचं पाणी आणि भैयाजींचा नेम

पवनारच्या बस थांब्यासमोर भैयाजींचं किराणा दुकान आहे. तिथं पावशेर साखर घ्यायला गेलेला माणूस अर्ध्या तासाने परत येतो, कारण भैयाजी बोलतात. आणि हल्ली बोलतात ते स्वतःच्याच फजितीबद्दल. "माह्यासारखा अक्कलवान साऱ्या वर्धा जिल्ह्यात सापडाचा नाई," अशी सुरुवात करतात आणि पुढे जे सांगतात ते ऐकून गिऱ्हाईक पोट धरून हसतं. आता त्यांनीच चारचौघांत सांगितलंय म्हटल्यावर आपण सांगायला काय हरकत!

भैयाजींना दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक मासेमारीचा. रविवारी दुकान बायकोच्या, म्हणजे अनुसयाबाईंच्या गळ्यात टाकायचं आणि आपण धाम नदीतल्या खडकावर गळ घेऊन बसायचं. मिळायचा एखादा मासा, गावभर वर्णन मात्र टोपलीभर माशांचं. दुसरा अभिमान नेमाचा. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न खायचं नाही, तिच्या गावचं पाणीही प्यायचं नाही. हा नेम त्यांच्या आज्याचा, तानबाचा. पण आज्याच्या लेकी दिल्या होत्या सेलूला आणि हिंगणीला. सकाळी जाऊन रात्रीच्या जेवणाला घरी परतता यायचं. भैयाजींची एकुलती एक पौर्णिमा शिक्षिकेची नोकरी लागून थेट सिंधुदुर्गात गेली, तिथल्याच एका मास्तराशी लग्न करून वेंगुर्ल्याजवळ समुद्रकाठी राहिली. आता नेम पाळायचा तर उपाशी मरायचं, नाहीतर जायचंच नाही. भैयाजींनी जायचं नाही हेच धरलं, आणि त्यात आठ वर्षं गेली.

अनुसयाबाईंनी हा नेम केव्हाच धाब्यावर बसवला होता. "मी तर दोनदा गेलती, पोट फुटेस्तोवर जेवली," त्या म्हणायच्या. "तुमचा नेम बसा चाटत!"

यंदा होळी झाली आणि पौर्णिमाने फोनवर एवढंच म्हटलं, "बाबा, एकदा तरी या न." आवाज असा होता की भैयाजींनी त्याच दिवशी तिकीट काढायला माणूस पाठवला. पण नेम तो नेम! दुकानातले तांदूळ, डाळ, कणीक, तिखट, मीठ, एक छोटा स्टोव्ह आणि पवनारच्या विहिरीच्या पाण्याची कॅन असं सगळं बिऱ्हाड घेऊन ते गाडीत बसले. डब्यातल्या एका बाईने विचारलं, "काका, गंगाजल हाय का?" कॅन अर्ध्या वाटेतच संपली. मग पाण्याच्या बाटल्या विकत घेतल्या. त्यांच्यावर कारखाना लांबच्या गावचा छापला होता, म्हणून त्या नेमात बसल्या. सोयीचं तेवढं नेमात बसवण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असं भैयाजी स्वतःच सांगतात.

पौर्णिमाच्या घराच्या पडवीत त्यांनी स्टोव्ह मांडला. आत सुरमई तळल्याचा घमघमाट, बाहेर भैयाजींची खिचडी, तीही करपलेली. व्याही, म्हणजे भिकाजी राऊळ, दोनदा हाताला धरून उठवायला आले, शेवटी कपाळावर हात मारून आत गेले. पौर्णिमा मात्र उंबऱ्यावर बसून बापाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "बाबा, मले मूल झालंच नाई तर?"

भैयाजींचा घास हातातच राहिला. "असं काऊन बोलून राह्यली, पोरी?"

"डॉक्टर काय म्हणाले ते आईनं सांगितलं असंल तुम्हाले. मंग तुम्ही माह्या घरी कधीच नाई जेवणार? सासरचे काही म्हणत नाईत बाबा. तुमची ही वेगळी चूलच कालपासून मले म्हणून राह्यली का मले मूल नाई."

बापाला हे ऐकून इतकी लाज वाटली की खिचडीचं भांडं समोरच्या माडाखाली भिरकावून द्यावंसं वाटलं. आठ वर्षं आपण नेम पाळतोय म्हणून गावात मिरवलं आणि तो टोचत होता तो पोटच्या पोरीला! पण तेव्हाच 'वाढ' म्हणाले असते तर ते भैयाजी कसले? लाज वाटली की त्यांना युक्ती सुचते, आणि युक्ती सुचली की घोटाळा होतो.

"समुद्र काही व्याह्यांच्या सातबाऱ्यावर नाई," ते पुढच्या सकाळी म्हणाले. "त्यातला मासा मी माह्या हातानं पकडला तर तो माह्या घरचा झाला. तू रस्सा कर. आपण दोघं एका ताटात जेवू."

पौर्णिमा हसली. "मसाला वाटायले घेऊ का?"

"घे! चाळीस वर्षं पाणी पाहून राह्यलो मी."

ओहोटी होती. वाळूतून चालत चालत पुढे गेलं की एक सपाट कातळ उघडा पडला होता, अगदी धामच्या खडकासारखा. भैयाजींनी चपला वाळूत काढल्या आणि किनाऱ्याकडे पाठ करून तिथं बैठक मारली. चैत्रातलं ऊन, कोमट पाणी, लाटाही शहाण्या मुलींसारख्या. व्याह्यांनी गळाला लावायला कोळंबी आणून दिली, तर यांनी हात मागे घेतले. "चाराही तुमच्या घरचा चालत नाई!" मग घरून आणलेल्या कणकेत हिंग घालून गोळ्या वळल्या. धाममध्ये या गोळ्यांवर मासे तुटून पडतात. समुद्राने त्या विरघळवून टाकल्या. भैयाजी तासभर समुद्राला कणीक चारत बसले होते. अखेर कातळाच्या फटीतला एक छोटा खेकडा स्वतः पकडला, त्याचा तुकडा गळाला लावला आणि पुन्हा बसले.

वाळूवरून व्याही ओरडले, "भैयाजी, भरती लागली हा! मागे येवा!"

भैयाजींनी मागे वळूनही पाहिलं नाही. धाम नदीला वरच्या धरणातून पाणी सोडायचं असलं की आधी भोंगा वाजतो. भोंगा वाजला की कपडे धुणाऱ्या बायकाही निवांत बादल्या उचलून वर येतात. पाणी चढायचं तर कोणीतरी सोडल्याशिवाय कसं चढेल, आणि सोडणारा माणूस भोंगा दिल्याशिवाय कसा सोडेल? तेव्हा ते तिथूनच ओरडले, "भोंगा कुठं वाजला अजून?"

कसला भोंगा, हे व्याह्यांना कळेना. ते धोतर खोचून पाण्यात शिरले, आणि तेवढ्यात इकडे दोरीला हिसका बसला. भैयाजींनी ओढली. वर आली ती वीतभर लांबीची चंदेरी मुडदुशी! आयुष्यात कोणत्याही माशाचा एवढा आनंद त्यांना झाला नव्हता. मासा मुठीत धरून ते उठले, किनाऱ्याकडे वळले आणि ओरडले, "पौर्णिमे, ताट मांड वो!"

पण मघाची वाळू होतीच कुठं? कातळाच्या चारी बाजूंना पाणी, चपला कुठल्याकुठे गेलेल्या. हे बघून ते "अरे देवा" म्हणायला गेले, आणि उघड्या तोंडानेच लाटेने त्यांना खाली घेतलं. मासा सुटला. वर डोकं काढलं की घोट, खाली गेलं की दोन घोट. वर्ध्याच्या नेमस्त माणसाने अरबी समुद्र पोटभर प्यायला. व्याह्यांनी कॉलरला धरून ओढत आणला म्हणून, नाहीतर हे ऐकायला गिऱ्हाईक राहिलं असतं, सांगायला भैयाजी नसते.

पौर्णिमा मसाल्याच्या हातानेच धावत आली होती. आधी तिने बापाची पाठ चोळली, मग घट्ट मिठी मारून रडली, मग भांडली. "जीव गेला असता म्हंजे? एका माशासाठी?"

"माशासाठी नाई वो," भैयाजी खोकत म्हणाले. "तुह्याजवळ बसून जेवासाठी."

पौर्णिमाने ओल्या पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि विचारलं, "किती पाणी पेलात?"

"पोटभर."

"आमच्या गावचं," पौर्णिमा म्हणाली. "आता तरी जेवता का घरी?"

भैयाजींकडे उत्तर तयार होतं. समुद्र कोणाच्या सातबाऱ्यावर नाही, म्हणजे त्याचं पाणीही कोणाच्या गावचं नाही, म्हणजे नेम काही मोडलेला नाही. सकाळीच स्वतः मांडलेला हिशोब, पुरता जिभेवर आला होता. त्यांनी पोरीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि एवढ्या खाऱ्या पाण्यामागून तोही गिळून टाकला.

"वाढ," ते म्हणाले. "फक्त मीठ कमी टाकजो. ते लय झालंय."