बाजरीतली आरोळी

जळगावहून धुळ्याला जाताना एसटीत शेजारचे आबा मोबाईल कानाला लावून डोळे मिटून बसले होते. आतून नुसत्या किंकाळ्या आणि धडधड ऐकू येत होती.

"मनी पोरना बँड शे. मेटलकोअर का काय म्हनतंस. पहिला अल्बम शे," ते लेकीच्या कौतुकाने म्हणाले.

मला काही ताळमेळ लागेना. तेवढ्यात एक लांब आरोळी आली, तसे ते ताठ झाले.

"हाई मनी पोर! बाजरीवरला पाखरे हाकलाले मीच शिकाडेल शे तिले."

मग त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला; पडद्यावर कलाकारांची यादी होती, त्यात मुलीचं नाव एकच. "इंग्रजीमा तिनं नाव शे ना? पुढे काय लिखेल शे?"

तिच्या नावापुढे 'ड्रम' होतं. 'आवाज' हे दुसऱ्याच कुणा मुलाच्या नावापुढे होतं. मी गोंधळलो, पुन्हा वाचलं.

"आरोळी," मी म्हणालो.