लालसाबच्या बारा पाट्या

लालसाब आगवाल्याला गप्प बसवणारं औषध अख्ख्या सोलापुरात कुणाकडे नव्हतं. तळ्याकाठच्या पंपघरात बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून त्याने चौदा वर्षं कोळसा टाकला आणि चौदा वर्षं तो बोलत राहिला. ऐकायला माणूस नसलं तर बॉयलरशी बोलायचा. "खा गं बाई, पोटभर खा," म्हणत फावडं आत सारायचा. बॉयलर ही बाईच आहे हे त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं, कारण वेळेवर खायला मिळालं नाही की ती घर डोक्यावर घेते. हे त्याच्या बायकोने, हुसेनबीने, एकदा ऐकलं. पुढचे दोन दिवस लालसाबला स्वतःची भाकरी स्वतःच थापावी लागली.

बॉयलरच्या वाफेवर इंजिन चालायचं, इंजिन पंप हलवायचं आणि पंप तळ्यातलं पाणी माळावरच्या उंच टाकीत ढकलायचा. टाकी काठोकाठ भरली तर शहरभर पाणी. अर्धवट राहिली तर खालच्या पेठांना पाणी आणि वरच्या गल्लीला नुसती नळाची फुसफुस. लालसाब राहायचा त्याच वरच्या गल्लीत. शेजार सगळा विणकरांचा, घरात तेलुगू बोलणारा. मागावर चढवण्याआधी सुताला खळ लावायची, खळीला पाणी लागायचं, आणि पाणी नाही म्हणजे माग बंद, हे तिथल्या रांगत्या पोरालाही ठाऊक होतं.

एकोणीसशे चौतीसच्या उन्हाळ्यात पंपघरावर नवे ओव्हरसियर आले. बसवराज त्यांचं नाव, अक्कलकोटकडचे. माणूस सरळ, पण बोलणं मोजूनमापून. एका सोमवारी सकाळी त्यांनी लालसाबला बोलावलं.

"लालसाब, तुमची भट्टी रोज अठरा पाट्या कोळसा खाते, तेव्हा कुठे टाकी जेमतेम भरते. वरून हुकूम आलाय, बाराच द्यायच्या. शनिवारी मी उभा राहून बघणार. बारा पाट्यांत टाकी भरली तर ठीक. नाही भरली तर वरच्या गल्लीला उन्हाळाभर एक दिवसाआड पाणी."

"एक दिवसाआड? साहेब, तितं माणसं ऱ्हात्यात की!"

"माणसं सगळीकडेच राहतात. कोळसाच नाही तर मी काय करू?"

साहेबांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तर लालसाब जास्त घाबरला. रागावलेल्या साहेबाला बोलून गुंडाळता येतं, हतबल साहेबाला काय करणार? पण घाबरला तरी तोंड थोडंच थांबणार! संध्याकाळी गल्लीत नळापाशी बाया जमल्या होत्या, तिथे कंबरेवर हात ठेवून त्याने जाहीर करून टाकलं, "कायबी काळजी करू नका. लालसाब आगीपुढं हुबा हाय तवर ह्या गल्लीचा एक दीस चुकायचा न्हाय!"

बाया खूश झाल्या. हुसेनबी तेवढी झाली नाही. घरात आल्यावर तिने विचारलं, "हे बोलायच्या आदी कोळशाला इचारलं व्हतं का?"

मंगळवारी उजाडायच्या आत लालसाब पंपघरावर हजर होता.

पहिल्यांदा त्याने बॉयलरच्या नळ्या घासल्या. आत बोटभर काजळी निघाली. मग कोळशाचे धोंडे फोडून मुठीएवढे केले. ढीगच्या ढीग न लोटता पातळ थर पसरायला लागला. आणि मग त्याला स्वतःचाच एक गुन्हा सापडला. भट्टीचं दार उघडं टाकून, फावड्यावर हात टेकवून गप्पा मारायची त्याची चौदा वर्षांची सवय होती. तेवढा वेळ गार हवा आत जायची आणि आग थंडावायची. म्हणजे कोळसा वाचवायचा तर तोंड मिटायला हवं! लालसाबने दार लावलं आणि तोंडही लावलं. इंजिनला तेल घालणारा भीमा दोनदा येऊन विचारून गेला, बरं नाही का म्हणून. त्या दिवशी पंधरा पाट्या लागल्या.

बुधवारी त्याची नजर वाफेच्या नळाकडे गेली. बॉयलरपासून इंजिनपर्यंत वीस हात लांब लोखंडी नळ, उघडाबोडका. सगळे त्यावर भाकऱ्या गरम करायचे. "आरं, भाकरी गरम होती म्हंजी वाफ गार व्हती की!" लालसाब एकटाच ओरडला. घरी जाऊन त्याने गल्लीत हाक दिली. विणकरांच्या बायांनी मागावरचं तुटकं, गुंतलेलं सूत गाठोड्यांनी आणून दिलं. ते नळाला घट्ट गुंडाळलं, वरून माती आणि शेणाचा जाड लेप दिला. नळाला गोधडी पांघरल्यासारखं दिसायला लागलं. भीमा कुरकुरला, "आता भाकरी कुटं ठिवायची?" पण गुरुवारी चौदाच पाट्या लागल्या, तेव्हा तोही नाचला.

चौदा. अजून दोन जास्त. दोन दिवस राहिलेले.

गुरुवारी दुपारी चौदावी पाटी टाकून झाल्यावर लालसाब पंपाजवळ नुसता बसून राहिला. सगळं करून झालं होतं आणि आता त्याला खरोखर रडू येत होतं. बसल्या बसल्या त्याच्या कानावर पंपाचा आवाज पडत होता, रोजचाच, दमा झालेल्या म्हाताऱ्यासारखा. रोज बोलण्याच्या नादात त्याने तो कधी नीट ऐकलाच नव्हता. तो उठला आणि टाकीकडे जाणाऱ्या मोठ्या पाइपावर हात ठेवत निघाला. पंपाजवळ पाइप थरथरत होता. पुढे पाइपावरच्या लोखंडी चाकापर्यंत थरथरच. चाकाच्या पलीकडे हात ठेवला तर पाइप शांत. आणि चाकापाशी कान नेला तर आत बारीक शीळ.

म्हणजे पाणी इथेच अडत होतं!

आता हे चाक म्हणजे साधंसुधं चाक नव्हतं. पाइपातलं पाणी उघडायचं-बंद करायचं ते चाक, पण त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. नऊ वर्षांपूर्वी जुने मिस्त्री तिप्पण्णा यांनी त्याला एक लाल फडकं बांधलं आणि काही दिवसांत आजारी पडून ते घरी बसले. त्याच्या थोडं आधी पाइप फुटून मोठा अनर्थ झाला होता, त्यानंतर कधी फुटला नाही. तेव्हा हा त्या फडक्याचाच गुण, असं सगळ्यांनी धरलं. खंडेनवमीला सगळ्या हत्यारांबरोबर चाकाला हळदकुंकू लागलं. पुढच्या वर्षी नारळ आला, त्याच्या पुढच्या वर्षी शेंदूर. लालसाबने स्वतः दर्ग्यातला हिरवा दोरा आणून बांधला होता. आता चाकावर शेंदराचा थर इतका जाड बसला होता की ते किती उघडं नि किती बंद, हे दिसायची सोय नव्हती.

"चाक फिरवून बघू," लालसाब म्हणाला. भीमा मध्ये आडवा उभा राहिला. "येडा हाईस का? पाइप फुटला म्हंजी? आन् त्याच्यावर देवाचं हाय की समदं!"

"मग ज्यानं बांधलं त्यालाच इचारतो," असं म्हणून शुक्रवारी पंप थांबल्याबरोबर लालसाब तडक तिप्पण्णांच्या मळ्यावर गेला. म्हातारा बाभळीखाली बाजेवर बसला होता. डोळे अधू झाले होते, कान तिखट होते.

"मामा, त्या चाकाला लाल फडकं कशापायी बांधलंसा?"

"कुठलं चाक रे?" तिप्पण्णा विचारात पडले. मग एकदम म्हणाले, "हां हां! पाइप फुटला होता नव्हं का. तात्पुरता जोड दिला. त्याच्यावर जोर नको म्हणून चाक निम्मं बंद केलं. नवा पाइप घातला की उघडायचं होतं. इसरू नये म्हणून खूण केली."

"नवा पाइप तर तवाच पडला की, तुमी घरी बसल्याव महिन्यात!"

"मग उघडलं असंल कुणी."

लालसाबने कपाळावर हात मारला. "मामा, कुणीबी न्हाय उघडलं. आमी त्याची पूजा करतूय."

तिप्पण्णा असे हसले की बाज करकरली. हसता हसता त्यांना ठसका लागला. "नऊ वर्षं? अयो शिवशिवा! अरे, एकानं तरी येऊन विचारायचं की रे!"

शनिवारी पहाटे लालसाबने सगळी हकीगत बसवराजांना सांगितली. साहेबांनी एकदा चाकाकडे आणि एकदा लालसाबकडे पाहिलं. हसू आवरायला त्यांना खिशातला रुमाल काढावा लागला. "उघडा," ते म्हणाले, "पण सावकाश. मी पाइपाच्या कडेने चालत जातो, कुठे गळलं तर हाक मारीन."

भीमाने आधी नारळ फोडलाच. मग रॉकेल ओतून, शेंदूर खरवडून, पहार अडकवून दोघांनी जोर लावला. चाक हलेना. पुन्हा जोर लावला. कर्र करून चाक बोटभर सरकलं आणि भीमाने डोळे गच्च मिटून घेतले. काही फुटलं नाही. एक फेरा, दोन फेरे, पाच, आठ, अकरा! पाइपाच्या कडेने पुढे गेलेल्या साहेबांचा आवाज आला, "कोरडा आहे! ठणठणीत कोरडा!"

आणि पंप बदलला. त्याची धाप गेली. ऐटीत, एका लयीत तो चालायला लागला. लालसाब भट्टीकडे धावला. सहा पाट्या संपल्या, सात, आठ. वाफेचा काटा जागचा हलत नव्हता, उलट आग आवरायची वेळ आली. नववी पाटी, दहावी. भीमा छपरावर चढून माळाकडे टक लावून उभा होता, कारण टाकी भरली की टाकीवरचा सिदू निशाण हलवायचा. अकरावी पाटी लालसाबने टाकायला घेतली. ती अर्धी झाली तोच छपरावरून भीमा किंचाळला, "निशाण! आरं निशाण! टाकी सांडतीया!"

साहेबांनी लालसाबला चक्क मिठी मारली. पांढऱ्या कोटाला काजळी लागली ते त्यांनी पाहिलंही नाही. लालसाब हसत होता, ओरडत होता, आणि मध्येच तो फावड्यावर हात टेकवून थबकला. रोजच्या तीन पाट्या जास्त. नऊ वर्षं. त्या सगळ्या त्याने याच दोन हातांनी उचलल्या होत्या, एका विसरलेल्या चाकापायी, आणि वर त्याच चाकाला स्वतः दोरा बांधला होता. दोन्ही खांदे एकदम ठणकायला लागले. "या अल्ला, किती खाल्लं रं ह्यानं माझं अंग," तो पुटपुटला आणि पुन्हा खदखदून हसला.

दुपारी तो गल्लीकडे निघाला तो जवळजवळ पळतच. लोक खांद्यावर घेतील, निदान चहा तरी पाजतील, अशी त्याची अपेक्षा होती. गल्लीच्या तोंडाशीच पायाखाली पाणी लागलं. नळापाशी मोठा कल्लोळ चालला होता. नळाला मनगटाएवढी धार लागलेली. हंडे, घागरी, खळीच्या कुंड्या, पोरांच्या वाट्यासुद्धा भरून झालेल्या. बाया एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत होत्या, आणि उरलेलं पाणी खळाळत गटारात चाललं होतं.

"बंद करा! आरं, नळ बंद करा की!" लालसाब ओरडला.

"कसा करायचा?" हुसेनबी पदर पिळत हसली. "हितं नळ कदी बंद करावा लागलाय का? त्यो आपला आपणच बंद पडायचा. बघा, चावी गंजून गच्च बसलीया."

लालसाबने चावीला हिसके दिले. ती हलेना. तेव्हा त्याने दोन्ही तळवे नळाच्या तोंडावर दाबले. पाणी चहूकडे कारंज्यासारखं उडालं, तो नखशिखान्त भिजला, आणि सगळी गल्ली टाळ्या पिटायला लागली.

"हसताय काय! माझा कोळसा चाललाय गटारात, कोळसा! पाना आणा कुणीतरी, पळा!"

गल्लीला तिथे पाणी दिसत होतं. लालसाबला दिसत होता तो आपल्या खांद्यावरून गेलेला कोळसा, पाटीमागून पाटी. हुसेनबीने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. तिने कळशी खाली ठेवली, पदर खोचला, आणि पाना येईपर्यंत त्याच्या हातांवर आपलेही दोन्ही हात दाबून धरले.